अडीच तासांचा आसाम

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीत बाजाराच्या रस्त्यावर माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. एक किस्सा सांगून होत नाही तोवर दुसरा घडतो. ऐकणारे हसतात. मला मात्र सांगताना दरवेळी राग येतो.

*

वनिताबाई जिल्ह्याच्या पार टोकाला, भामरागडला नर्स. नवरा फौजेत, आसामला. वेबसाइटवर त्यांनी वाचलं, नागपूर ते दिब्रुगड, उड्डाण अडीच तास. खूश होऊन आल्या. "म्हणजे जेवून निघाली त चहाले तिथी!"

मी म्हटलं, बाई, थेट विमानच नाही. कोलकात्याला बदलायचं, तिथं सात तास बसायचं. नागपूरपर्यंतचा तुमचा दिवस वेगळाच. हे अडीच तास नकाशावर सरळ रेघ ओढून काढलेत.

"मंग त्या रेघेवरच काऊन नाई बसवत मले?"

*

आमच्याच गल्लीतले काका-काकू पहिल्यांदा विमानानं निघाले. गाडी भाड्याची, ड्रायव्हर बाहेरचा. त्यानं मोबाइलवर 'जवळचं विमानतळ' टाकलं आणि मागे दोघांचा डोळा लागला. जागे झाले ते चंद्रपूरकडच्या एका धावपट्टीच्या फाटकावर. आत फक्त गवत.

चौकीदार म्हणाला, "इथी मोठे साहेब लोक उतरते. तुमचं इथी काय काम?"

काकूंनी बॅगेवर बसून तिथंच डबा उघडला. नागपूरहून सुटणारं विमान आता गाठता येणार नव्हतं.

*

भामरागडचे एक गुरुजी पुरात अडकले. पुलावरून पाणी. विमान चुकलं, तारीख बदलून द्या म्हणून मी त्यांच्या वतीनं विमान कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला.

"सर, त्या दिवशी विमानतळावर हवामान स्वच्छ होतं."

"विमानतळावर होतं हो. माणूस भामरागडला आहे."

पुरावा मागितला. गुरुजींनी बुडालेल्या पुलाचा फोटो पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं, फोटोत विमानतळ दिसत नाही, अर्ज नामंजूर.

मी तो मेल गुरुजींना वाचून दाखवला. ते म्हणाले, "पुन्हा वाचा बरं."

*

आणि सुनीता. भामरागडच्या पलीकडच्या गावची, तिरंदाजी करणारी पोरगी. आसाममधल्या स्पर्धेसाठी निवड झाली. तिकीट मीच काढलं. निघायच्या आदल्या दिवशी पुरानं रस्ता बंद झाला. बाप आणि ती धनुष्य प्लास्टिकमध्ये गुंडाळून निघाले. नावेनं नदी, मग चिखलातून पायी, मग ट्रॅक्टर, मग एसटी. नागपूर विमानतळावर काउंटर बंद व्हायला थोडीच मिनिटं असताना पोचली. खेळली, आणि पदक घेऊन आली.

ती घरी पोचायच्या आधीच गडचिरोलीला सत्कार ठेवला. मी तिसऱ्या रांगेत होतो. पाहुणे भाषणात म्हणाले, "आता अंतर उरलंच नाही. जंगलातली आपली लेक बघता बघता आसामला जाते आणि जिंकून येते." टाळ्या झाल्या. शाल, नारळ झालं. मग माइक तिच्या हातात दिला, दोन शब्द बोल म्हणून.

हॉलकडे बघून तिनं विचारलं,

"मले आज घरी जायचं आहे. आमच्या नदीचं पाणी उतरलं काय, इथी कोणाले मालूम आहे काय?"