मनोऱ्यावरून ऑफेनबाख

आमच्या फ्रँकफुर्टात जुनी घरं नवी आहेत आणि नवे मनोरे जुने, असं माझा मेहुणा हेल्मार दर शनिवारी नगरभवनापुढच्या चौकात उभा राहून सांगतो. खोटं नाही ते. महायुद्धात चौक भुईसपाट झाला, आणि लाकडी चौकटींची ही देखणी घरं पुन्हा उभी राहीपर्यंत पलीकडे बँकांचे पहिले मनोरे केव्हाच आभाळाला टेकले होते. पाहुणे हसतात, फोटो काढतात आणि हेल्मारच्या मागोमाग निघतात. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून तो गाइडचं काम करतो. बोलायला माणूस नसेल तर हा फरसबंदीच्या दगडाशीही बोलेल.

त्याच्या फेरीत इतिहास निम्मा आणि ऑफेनबाखची टिंगल निम्मी. ऑफेनबाख म्हणजे आमच्या नदीच्या वरच्या अंगाचं शेजारचं गाव, हाकेच्या अंतरावर. त्यांचं नि आमचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं. कारण विचारू नका. सासू-सुनेच्या भांडणाला कुठे कारण लागतं?

माझी बहीण, म्हणजे त्याची बायको मार्लिस गेली, तेव्हा हा बडबड्या माणूस मुका झाला होता. मी नदीपलीकडे सफरचंदाच्या वाइनच्या खानावळीत वाढप करते. आमच्याकडचे वाढपी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहेत आणि मी त्यांतही वरच्या नंबराची. मीच त्याला घरातून ओढून आणून बाकावर बसवायची. आमच्या खानावळीत स्वतंत्र टेबल वगैरे लाड नाहीत. लांब बाक, जागा दिसेल तिथे सरकून बसायचं, शेजारी राजा असो की रंक.

तशीच एक दिवस रोसविता येऊन त्याच्या शेजारी बसली. वयाने साठीची, हात कामाचे, हसणं मोकळं. तिने वाइनमध्ये साधा सोडा घातला. गोड लिंबूपाणी घालणाऱ्यांना आम्ही लहान मुलांत धरतो. मग आमच्या गावाची शान असलेल्या सात पाल्यांच्या हिरव्या सॉसची एक चव घेतली आणि म्हणाली, "शेपू नाही ना घातलेला? शेपू घातला की सत्यानाश."

हेल्मारने आपल्या मातीच्या सुरईतली वाइन तिच्या पेल्यात ओतली. तिथेच त्याची विकेट पडली. शेपूला शिव्या देणारी बाई आपल्याच गावची असणार, असं धरून तो चालला. दुनियेतल्या पाहुण्यांना "कुठून आलात?" विचारणाऱ्या या माणसाने तिला मात्र ते कधी विचारलंच नाही.

ती दोघं त्याच बाकावर भेटत राहिली, आणि वसंतात एकदा तो माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, नवा शर्ट घालून. "एल्के, शनिवारी रोसविताला फेरीला बोलावलंय. शेवटी बँकेच्या मनोऱ्याच्या गच्चीवर लग्नाचं विचारणार आहे. तू ये. माझे पाय लटपटतात."

"तुझे पाय? तुझी जीभ सांभाळ," मी म्हटलं. पण मला इतका आनंद झाला की मी त्याला फुकट सॉसेज वाढलं. आमच्या मालकाला अजून ठाऊक नाही.

शनिवारी ऊन छान पडलं होतं. चौक झाला, लाल दगडाचं कॅथेड्रल झालं. हेल्मार रंगात आला होता. एकेका वाक्यानंतर चोरून रोसविताकडे बघायचा. मग आम्ही नदीवरच्या लोखंडी पुलावर आलो.

"मंडळी, ही नदी ऑफेनबाखहून इकडे का वाहते, माहीत आहे?" तो म्हणाला. "तिलासुद्धा तिथे राहवत नाही."

सगळा पूल हसला. रोसविता हसली नाही. तिने कठड्यावर हात ठेवला आणि हळूच मला म्हणाली, "एल्के, मी ऑफेनबाखची आहे. जन्मापासून."

मी हेल्मारला खुणा करायला लागले. मान हलवली, बोट ओठावर ठेवलं, शेवटी गळ्यावरून हात फिरवला. त्या शहाण्याला वाटलं, मेहुणी म्हणतेय अजून होऊ दे. त्याने पाठोपाठ तीन विनोद टाकले. शेवटचा ऑफेनबाखच्या लोकांच्या गाडी चालवण्यावर होता. रोसविता नदीकडे बघत राहिली.

मनोऱ्याखाली लिफ्टची रांग होती. तिथे मी त्याची बाही धरली. "ती ऑफेनबाखची आहे."

"कोण?"

"तुझी आजी! कोण म्हणजे काय?"

त्याचा चेहरा पडला. "कसं शक्य आहे? ती शेपू घालत नाही."

"अरे, तेही घालत नाहीत, गाढवा."

वर गच्चीवर वारा भणाणत होता. खाली कॅथेड्रल, नदी, पूल, कौलारू छपरं. आजूबाजूला काचेचे मनोरे. पाहुणे हरखून गेले. हेल्मार मात्र पूर्वेकडे पाठ करून उभा. या जागी तो नेहमी पूर्वेला बोट दाखवतो आणि म्हणतो की या बाजूला बघण्यासारखं काही नाही, चला. ड्रेस्डेनचे एक लठ्ठ गृहस्थ दुसऱ्यांदा फेरीला आले होते. "अहो, तो पूर्वेचा विनोद सांगा ना," ते म्हणाले. मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं.

हेल्मारने पूर्वेला हात केला. "मंडळी, तिकडे ऑफेनबाख आहे. मी त्याच्यावर जन्मभर विनोद केले आणि एकदाही धड बघायला गेलो नाही. तिथली सगळ्यात चांगली गोष्ट आज इथे आली आहे आणि माझ्यावर रागावली आहे."

सगळ्यांच्या माना वळल्या. रोसविता लाल झाली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता माझा विनोद ऐका. फ्रँकफुर्टच्या लोकांनी एवढे उंच मनोरे का बांधले? लांबून का होईना, ऑफेनबाख दिसावं म्हणून."

ड्रेस्डेनचे गृहस्थ डोळे पुसेस्तोवर हसले. हेल्मार त्यांच्याहून मोठ्याने हसला. त्या हसण्याच्या भरातच त्याने विचारून टाकलं, "रोसविता, लग्न करशील माझ्याशी?"

"करीन," ती म्हणाली. "पण राहायचं माझ्याकडे. माझी बाग आहे तिथे, ती मी सोडणार नाही."

हेल्मारने एकदा खाली आपल्या गावाकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. मार्लिसला लग्नानंतर आमच्याच बाजूला, नदीच्या दक्षिणेला, आईजवळ राहायचं होतं. हा हटून बसला होता की आपली गल्ली सोडणार नाही. ती बिचारी सगळा जन्म पूल ओलांडून माहेरी येत राहिली.

"येतो," हेल्मार म्हणाला. "कधी येऊ, ते सांग."

मला त्याचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण मार्लिस तिथे असती तर तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला असता आणि मग त्याची बॅग भरायला घेतली असती. म्हणून आधी मी त्याला धपाटा घातला, आणि मग बॅग कधी भरायची ते विचारलं.