जनरलचा कुलवृत्तान्त

वडिलांनी निवृत्तीनंतर आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त संपादित केला, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मुद्रितं तपासायला मलाच बसवलं जायचं. त्यात दारूपायी मेलेले एक चुलतआजोबा 'अल्पशा आजाराने' गेले आणि नोकरीतून काढलेले दुसरे 'प्रकृतीच्या कारणास्तव' घरी बसले. धडधडीत खोटं लिहायचं नाही, पण वाईटही लिहायचं नाही, ही वडिलांची शिस्त. ती माझ्या इतकी अंगवळणी पडली की अमेरिकेत बेलव्ह्यूला नोकरीला आल्यावरही सुटली नाही.

२००६च्या हिवाळ्यात आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये एक चिनी गृहस्थ एकटे राहायचे. वय अठ्ठ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आम्ही नवरा-बायको त्यांना काकाच म्हणायचो. त्यांचे वडील चीनमध्ये जनरल होते. त्या काळी तिथला बादशहा गेला होता आणि धड सरकार आलं नव्हतं. ज्याच्याकडे फौज, तो त्या मुलखाचा मालक. इथल्या चिनी मंडळींनी लायब्ररीच्या हॉलमध्ये जुन्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं, तेव्हा जनरलच्या फोटोखालची इंग्रजी माहिती टाइप करायचं काम मी आपणहून घेतलं.

शनिवारी सकाळी लॅपटॉप घेऊन मी खाली जायचो. बाहेर पाऊस लागून राहिलेला असायचा. काका दाराकडे तोंड करून बसायचे आणि सावकाश सांगायचे: वडिलांनी बांधलेले दोन रस्ते, मुलींची शाळा, तीन बायका. मला मजा येत होती. आपल्याकडच्या एखाद्या सरदार घराण्याचीच हकिगत वाटत होती.

तिसऱ्या शनिवारी दाराला नवी कडी दिसली. काकांनी ती लावून घेतली आणि म्हणाले, "आता लिही. एका गावाने फौजेला धान्य दिलं नाही. माझ्या वडिलांनी वेशीची दोन्ही दारं बाहेरून बंद करायला लावली आणि गाव पेटवून दिलं. मी नऊ वर्षांचा होतो. त्यांच्या घोड्यावर, त्यांच्या पुढ्यात बसलो होतो."

माझी बोटं थांबली. "हे कशाला?" मी विचारलं.

"न्यू जर्सीहून एक बाई येणार आहे. प्रदर्शनाची बातमी वाचून तिने फोन केला. तिची आई त्या गावातली, आदल्या दिवशी मामाकडे गेली होती म्हणून वाचली. सगळे तिला सांगतात की आग चुलीची होती. पाहिलेला माणूस आता मीच उरलोय."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते. पण मी मेल्यावर ती आली, तर काय उपयोग?"

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी उचलला नाही. तो वाजायचा थांबेपर्यंत आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तू त्यात काही एडिट करू नकोस हां."

"अगं, या वयात कोणी तोंडावर काही बोललं तर त्यांना झेपेल का?"

"ते त्यांनी ठरवायचं, यार. तू टाइप कर फक्त."

मी ऐकलं नाही. काकांची काळजी होती हे खरं, पण असलं वाक्य फोटोखाली बघवेना हे जास्त खरं. मी लिहिलं, 'टंचाईच्या त्या कठीण काळात परिसरातील काही गावांना हानी सोसावी लागली.' माझ्या वडिलांना आवडलं असतं असं वाक्य. काकांनी विचारलं, "सगळं लिहिलंस?" मी हो म्हणालो.

प्रदर्शनाच्या रविवारी दुपारी न्यू जर्सीची बाई हॉलमध्ये आली. साठीची, केस बारीक कापलेले, रेनकोट ओला. काका जनरलच्या फलकाशेजारी खुर्चीवर, सुटाबुटात, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. तिने मजकूर ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचला.

"हे शब्द कोणाचे?" तिने इंग्रजीत विचारलं.

"यांनी सांगितलं," मी म्हणालो, "मी फक्त टाइप केलं."

काकांनी मान डोलावली आणि उठून, कमरेत वाकून तिला नमस्कार केला. ते वाकलेलेच होते, तोवर ती वळून बाहेर पडली. मी तिच्यामागे धावायला हवं होतं. मला लाज वाटली, आणि मी जागचा हललो नाही.

"गेली?" काकांनी विचारलं.

"हो."

"ते वाचल्यावर माणूस काय बोलणार? बरोबर आहे तिचं." बऱ्याच वेळाने त्यांनी माझी बाही धरली. "मला एकदा वाचून दाखव."

मी फलकाकडे तोंड केलं आणि तिथे नव्हतं ते वाचून दाखवलं. धान्य, वेशीची दोन्ही दारं, आग, घोडा, नऊ वर्षांचा मुलगा. एक शब्दही चुकलो नाही. काकांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि माझे आभार मानले.