आपणहून काढलेलं घर

शेवगावच्या बाहेर गायरानावरच्या घरांना नोटिसा आल्या, तेव्हा मी नेहमीप्रमाणे कामं वाटून टाकली. फोटो कुणी काढायचे, वीजबिलं कुणी गोळा करायची, वकिलांबरोबर नगरला कुणी जायचं. मी बचत गटाचं काम बघते. गटातल्या बऱ्याच बायका तिथेच राहतात.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांना बसवून समजावलं. घटनेनं दिलेल्या जगण्याच्या हक्कातच निवाऱ्याचा हक्क येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं मानलंय. घर हा माणसाचा हक्क आहे असं सांगणारा आंतरराष्ट्रीय करारही आपल्या देशानं मान्य केलाय.

कडेच्या पत्र्याच्या घरात दोन मुलींना एकटीनं वाढवणारी आमची एक सभासद म्हणाली, "ताई, येवढ्या मोठ्या लोकांनी मानलंय, मंग तलाठ्याला कुनी कळवलं कसं न्हाई?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

"उद्या स्थगिती मिळेल. तोवर घराला हात लावायचा नाही," मी बजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्टानं 'जैसे थे'चा आदेश दिला. काही पाडायचं नाही, नवं काही उभारायचं नाही. मी कोर्टाच्या आवारातूनच तिला फोन लावला. तिच्याकडून कळलं ते असं.

सकाळीच जेसीबी येऊन उभा होता. पोलीस बंदोबस्त यायचा होता, तेवढ्यात तहसीलच्या साहेबांनी सांगितलं, आपणहून काढाल तर सामान न्या, नाहीतर सगळं चेपून जाईल. बाकीच्या दारात बसून राहिल्या. हिचे पत्रे यंदाच घातलेले. हिनं भावाला बोलावून पत्रे, अँगल, दार, सगळं उतरवून घेतलं. तिनं कायद्यापेक्षा पत्र्यांवर भरवसा ठेवला, आणि त्यासाठी मला तिला दोष देता येत नाही.

मी तिला घेऊन तहसील कचेरीत गेले.

"घर आम्ही पाडलेलं नाही. यांनी स्वतः काढलंय, पंचनाम्यावर सही आहे," साहेब म्हणाले.

"मग पुन्हा उभं करू द्या."

"मॅडम, 'जैसे थे' तुम्हीच आणलंत ना?"

वकिलांनी तिच्यासाठी वेगळा अर्ज केला. त्याला तारखा पडत आहेत. बाकीची घरं उभी आहेत. तिच्या जागेवर नुसती शेणानं सारवलेली जमीन होती, तीही आता उखणली आहे. मुली मामाकडे, ती कधी इथे, कधी तिथे. हक्क काही कुणी नाकारलेला नाही. तो सगळ्यांना मान्य आहे.

परवा तिचा फोन आला.

"ताई, भाऊ म्हनतोय, पत्रं नुसती पडून हायेत, गोठ्यावर टाकू. म्हशी भिजत्यात. टाकू देऊ का?"

मी म्हणाले, "टाकू दे."