दुसरा अंक मंडईला

तिरोड्याला वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या, त्याच्या काही वर्षं आधी मी संपादक होतो. हे वाक्य आमच्या घरात मला कुणी पुरं करू देत नाही, म्हणून इथे लिहून घेतो.

माझं अनियतकालिक म्हणजे मधोमध दुमडलेले चार कागद आणि स्टेपलरच्या दोन पिना. मजकूर मी हाताने लिहायचा, स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याने प्रती काढायच्या. पहिलं पान बघून त्याने विचारलं, "गुरुजी, शादी का है क्या? गुलाबी कागज़ में निकालूँ?"

"साहित्य आहे," मी म्हणालो.

"फिर सफेद ही ठीक है."

माझं संपादकीय बरंच लांबलं होतं. उरलेल्या जागेत माझ्याच कविता. शेवटचं पान तेवढं मी मोठ्या बहिणीला दिलं. तिला आम्ही बाई म्हणतो. भाऊजी गेल्यावर ती माहेरी आली, त्यावर दोन पावसाळे उलटले होते. सासर आमगावकडे, तिथे धाकटी जाऊ. दोघींचं भांडण असं झालंच नव्हतं. जाऊ बोलावेल तेव्हा जाईन, असं बाई म्हणायची. ती आपल्या पायाने गेली, आपल्या पायाने येईल, असं जाऊ म्हणते, हे तिकडून येणारे पावणे सांगायचे. बाईचा जीव मात्र तिकडेच होता. तिथलं धान कापायला आलं की नाही, हे ती आमच्या धानाकडे बघून सांगायची.

बाईने लिहिलं ते एवढंच: दोन जावा एकाच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोपं लावायचं रोवणं करतायत, एक या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दुसरी त्या. बोलणं बंद. रोवणं करायचं म्हणजे एकेक पाऊल मागे सरकत जायचं, त्यामुळे दोघी पाठमोऱ्या एकमेकींकडे येत राहतात. पाठीला पाठ लागणार, तेवढ्यात पान संपलं. मी बाईला एकच पान दिलं होतं ना! खाली दोन बोटं जागा उरली, तिथे मी ठळक अक्षरात लिहिलं, 'दुसरा अंक मंडईला.'

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक. अशा मुलखात 'अंक' म्हटला की तो नाटकाचाच असणार, हे इथेच जन्मलेल्या आणि दर मंडईला बांबूच्या तट्ट्यावर बसून नाटक बघितलेल्या माणसाच्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

प्रती वाटल्या आणि मी प्रतिसादाची वाट बघू लागलो. पहिला आला पानठेल्यावर.

"गुरुजी, हिरोईन कुठची आणून राहिले?"

दुसरा चोरखमारा गावच्या एका शेतकऱ्याचा. सायकल थांबवून, एक पाय जमिनीवर टेकवून त्याने ऐकवला. "तुमचं नाटक वाचलं, गुरुजी. सुरवातीले तो म्हातारा लयच बोलते."

"कोणता म्हातारा?"

"तोच ना! समाजाचं असं झालं, भाषेचं तसं झालं. स्टेजवर लोक उठून जातीन. काढून टाका त्याले."

ते माझं संपादकीय होतं. मी तेव्हा चाळिशीच्याही अलीकडे होतो.

"पण त्या दोघी जावा बोलल्या का नाई, तेवढं सांगा," तो म्हणाला. "घरी बायको रोज इचारून राहिली."

घरी आल्यावर मी हे बाईला रंगवून सांगितलं. आपलं पान लोकांना आवडलं म्हटल्यावर ती खुलेल असं वाटलं होतं. तिने सूप बाजूला ठेवलं.

"आमगावकडं गेला का गा एखादा अंक?"

"अवो बाई, लोक तुझी तारीफ करून राहिले!"

"लोकाइचं नाई इचारलं मी."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या शाळेतले एक शिक्षक आमगावहून गाडीने ये-जा करायचे. त्यांच्या हातात मी दोन प्रती दिल्या. पुढचं पान लिही, म्हणून बाईच्या मागे लागलो, तर ती म्हणे, "तिनं वाचल्याबिगर पुढचं का लिवू?"

मंडई उजाडली. दुसऱ्या अंकाचा पत्ता नाही. लोक मला सटकू देईनात. कुणी वेळ विचारे, कुणी तिकीट. मी घरात येऊन बसलो. दुपारी आंगणात कापडी पिशवी घेऊन कुणीतरी उभी. बहिणीची जाऊ.

"भाऊ, नाटक किती वाजता?"

तिचाही गैरसमज झाला होता की तिने तो यायला निमित्त म्हणून धरला, हे मला आजवर कळलेलं नाही. माझ्या बायकोने पाण्याचा गडवा दिला. बहीण चुलीकडे तोंड करून लाखोरीचे वडे तळत होती. आवाज तिने ओळखला, झारा थांबला. पण ती वळली नाही.

"बाई, दुसऱ्या अंकात का होते वो?" जावेने विचारलं.

"लिवला नाई."

"कायले?"

"पुढचं मले मालूम नाई."

"मंग मले इचाराचं होतं. मी त्याच बांधीत होती ना!"

वडे करपायला लागले. माझ्या बायकोने कढई उतरवली आणि मला डोळ्यांनी बाहेर काढलं. मी दारामागे उभा राहिलो. संपादकाने प्रतिसाद ऐकायलाच हवा.

"तू बोलावलं नाईस," बहिणीचा आवाज.

"तू सांगून गेली होतीस का? बरं, आता बोलावून राहिली. चाल. धान कापाले आलं."

"मालूम आहे मले."

मग ताटली सरकवल्याचा आणि बहिणीचा आवाज आला. "पयले वडा खाय. करपला नाई तो घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी निघाल्या. मी स्टँडपर्यंत पिशव्या धरून गेलो. बस लागली. बहीण खिडकीशी बसली, आणि तिच्या खांद्यावरून जावेने डोकं बाहेर काढलं.

"भाऊ, राग नोका मानू. पण त्या म्हाताऱ्याचं काम जरा कमी करा."

दोन वर्षांत मी बहिणीला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.