ज्याची पट्टी त्याने सोडायची

अरुण टिपणीस शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या यार्डात इलेक्ट्रिकल फोरमन होते. मी फिटर. ते शहरात, रोल्ला भागात, बायको-मुलीबरोबर फ्लॅटमध्ये राहायचे, मी कंपनीच्या कॅम्पात. तरी सुट्टीचा शुक्रवार आम्ही एका गाडीत काढायचो. कारण पक्षी.

आधी त्यांचं काम सांगतो. माणूस कामात कळतो. प्लेटा वाकवायचा मोठा प्रेस दुरुस्तीला काढला की टिपणीस मेन स्विच पाडत, त्यावर स्वतःचं कुलूप घालत आणि किल्ली खिशात टाकत. काम संपलं की स्वतः येऊन कुलूप काढत. दुसऱ्याने हात लावायचा नाही. एकदा ते जेवायला गेले असताना मॅनेजर ओरडायला लागला, "ताला तोडो, यल्ला, जल्दी!" कोणी हललं नाही. टिपणीस आले. प्रेसच्या मागे वाकून पाहिलं, आत कोणाचा हात नाही ना. मग कुलूप काढलं. मॅनेजरकडे बघितलंही नाही. त्यांच्या कारकिर्दीत त्या प्रेसमध्ये कोणाचं बोट गेलं नाही. मी तिथे होतो, म्हणून सांगतो.

पक्ष्यांचा नाद त्यांना आधीपासून होता, पण सहली सुरू झाल्या त्या सुजीतमुळे. सुजीत बँकेत होता. लांब लेन्सचा कॅमेरा, आणि त्याहून लांब जीभ. त्याने कुठल्याशा मासिकात हमिंगबर्डचे फोटो पाहिले होते, फुलासमोर हवेत थांबलेले.

"असले फोटो काढायचे तर साउथ अमेरिकेला जायला पाहिजे," सुजीत म्हणाला. "ग्रुप टूर असते, गाइड असतो. आपल्याला व्हिसा कोण देणार?"

"तुमच्या बिल्डिंगखाली शिंजीर येतो. कधी मान वर करून बघितलाय?" टिपणीस म्हणाले.

शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी. चोच बाकदार. नर सावलीत काळा दिसतो, उन्हात जांभळा-निळा पेटतो. तोही मध्येच फुलासमोर पंख मारत थांबतो. सुजीतने रोल्लातल्या किराणा दुकानाच्या काचेवर कागद लावला, 'हमिंगबर्ड फोटो सहल, गाइडसह'. टिपणीस चिडले.

"अहो, हे खोटं आहे. हमिंगबर्ड वेगळा."

"शिंजीर लिहिलं तर तुम्ही, मी आणि खैरुद्दीन. हमिंगबर्ड लिहिलं तर गाडी फुल. गाडीत बसले की सांगा खरं."

गाडी फुल झाली. खैरुद्दीन ड्रायव्हर, मूळचा दापोलीकडचा, त्याची मिनीबस. टिपणीस गाइड. त्यांची मुलगी मिहिका, तेव्हा अकरा वर्षांची, पुढच्या सीटवर. शिडी आणि लोखंडी स्टँड उचलायला मी. स्टँड मीच केले होते. वाळूत रुतू नयेत म्हणून पायांना रुंद चकत्या लावल्या होत्या. बाकीचे लोक कॅमेरे उचलायचे आणि दमायचे.

मसाफीच्या अलीकडे डोंगराखाली एका अरबाची बाग होती. खजूर, लिंबू, कडेला बोरी. पाणी घालायला मोहिद्दीन नावाचा म्हातारा पठाण. शिंजीर बोरीवर घरटं करायचे. घरटं म्हणजे लोंबती पिशवी, बाजूला भोक. समोर पानांची फांदी असायची, त्यामुळे फोटो येत नसे. तेव्हा सगळेच फोटोवाले करायचे ते टिपणीसही करत. फांदी बाजूला ओढून कापडाच्या लाल पट्टीने बांधायची, फोटो झाले की सोडायची. ती फांदी म्हणजे घरट्याची सावली. एप्रिलमध्ये नऊनंतर तिथलं ऊन पत्र्यावर पडल्यासारखं पडतं.

म्हणून टिपणीसांनी यार्डातला नियम इथे आणला. ज्याने पट्टी बांधली त्यानेच सोडायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. दर वेळी गाडीत उभं राहून ते बजावत. मोहिद्दीनलाही हिंदीत सांगून ठेवलं होतं, "मेरी पट्टी को हाथ नहीं लगाना, चाचा." लोक हसत, पण पाळत. मिहिका सगळ्यात जास्त पाळायची. कोणी फांदीजवळ गेलं की म्हणायची, "अंकल, इज इट युवर्स?"

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमधला शुक्रवार. एका बोरीवर घरट्यात दोन पिल्लं होती, पिसं नुकती फुटलेली. मादी आणि नर दोघं चारा आणत होते. टिपणीसांनी स्वतः पट्टी बांधली. आधी इतरांना फोटो काढू दिले, शेवटी स्वतः शिडीवर उभे राहिले. नर आला, घरट्यासमोर हवेत थांबला, पंख पूर्ण उघडे, आणि ऊन नेमकं त्याच्या छातीवर. शटरचा आवाज मी ऐकला. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हसले. त्यांना कामाच्या जागी हसताना मी क्वचितच पाहिलं आहे.

तेवढ्यात सुजीतची बायको अनुपमा खाली बसली ती आडवीच झाली. बागेत बायकांची काही सोय नव्हती, म्हणून ती सकाळपासून पाणी प्यायली नव्हती. या सहलींना बायका असंच करायच्या, आणि आम्हा पुरुषांच्या ते डोक्यातही येत नसे. मी आणि खैरुद्दीनने तिला उचललं. टिपणीस शिडी सोडून धावले. ओला पंचा, लिंबूपाणी, आरडाओरडा. सुजीत सारखा म्हणत होता, "यल्ला, यल्ला, क्लिनिक!" सामान हाताला येईल तसं गाडीत कोंबलं आणि निघालो.

वाटेतल्या धैद गावाला पोचेपर्यंत अनुपमा उठून बसली होती. क्लिनिकमध्ये तपासलं, घाबरायचं कारण नाही म्हणाले. जुम्म्याची वेळ झाली होती, खैरुद्दीन नमाजाला गेला. टिपणीस पट्ट्यांची पिशवी आवरायला लागले. त्यांचा हात थांबला.

"विलास, माझी पट्टी राहिली."

"परत जाऊ या."

त्यांनी गाडीत पाहिलं. अनुपमा डोळे मिटून टेकली होती. मी म्हटलं, "गाडी नको. ती बघा टॅक्सी उभी आहे. मी जातो, फांदी सोडतो, मागून येतो. मला झाड माहीत आहे."

"पट्टी माझी आहे," ते म्हणाले.

"मग तुम्ही जा. मी यांना घरी नेतो."

"बाईमाणूस आजारी आहे. मी नेलं होतं, मीच घरी पोचवणार. मादी पंख पसरून सावली करते रे. दुपार कलली की ऊन उतरेल. उद्या पहाटे मी जाऊन सोडतो."

टॅक्सीचा ड्रायव्हर बॉनेटवर कोपर टेकून आमच्याकडे बघत होता. त्याला गिऱ्हाईक हवंच होतं. मी दुसऱ्यांदा म्हणालो, "साहेब, मी जातो." त्यांनी मान हलवली. नाही. खैरुद्दीन आला आणि आम्ही शारजाचा रस्ता धरला. वाटेत मिहिका तोंडातून शब्द काढत नव्हती. मला वाटलं, उन्हाने दमली.

शनिवारी ते अर्धी रजा टाकून पहाटे गेले. दुपारी यार्डात आले ते थेट माझ्या बेंचपाशी.

"गेली. दोन्ही."

मी ग्राइंडर बंद केला.

"मोहिद्दीनने काल दुपारीच बघितलं होतं," ते म्हणाले. "घरट्यावर ऊन आलंय ते त्याला कळलं. झाडाच्या मुळाशी पाणी ओतत बसला बिचारा. मी विचारलं, चाचा, फांदी का नाही सोडली? तर म्हणाला, आपने बोला था हाथ नहीं लगाना."

मग ते कपडे बदलून कामाला लागले. त्या दिवशी त्यांनी पॅनेलचं वायरिंग एकदा केलं, उसकटलं, पुन्हा केलं. आधीचंही बरोबर होतं.

घरी मिहिकाने विचारलं, पिल्लं उडाली का? त्यांनी सांगितलं, उडाली. हे त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, डबा न उघडता. "तिला कशाला त्रास? लहान आहे." ती रोज विचारत होती, हेही त्यांनीच सांगितलं. रोज तेच उत्तर द्यावं लागत होतं. खोटं एकदा बोलून भागत नाही, त्याची रोज पाळी येते.

तिकडे सुजीतने सगळ्यांचे रोल एकत्र धुवायला दिले होते. टिपणीसांचा तो फोटो पाहून तो वेडा झाला. न विचारता हातभर मोठा करून आणला. एक मेला महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता, मराठी मंडळींनी हॉल घेतला होता, तिथे आमच्या ग्रुपचं प्रदर्शन. सुजीतने हा फोटो मधोमध लावायचं ठरवलं. टिपणीसांना नाही म्हणता येईना. नाही म्हणायचं तर का, ते सांगावं लागलं असतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी फ्रेम लावायला मी ड्रिल घेऊन गेलो. टिपणीस खिळे धरून उभे, मिहिका फ्रेमच्या काचा पुसत होती. सुजीत मोठा फोटो घेऊन आला आणि भिंतीला लावून धरला.

"विलास, इथे पाड भोक. टिपणीस हबीबी, बघा तुमचा मास्टरपीस! मिहिका, तुझे बाबा तर आर्टिस्ट निघाले. खाली काय लिहू या? 'बापाची माया' कसं वाटतं?"

मी भोक पाडलं. ड्रिल थांबलं तेव्हा मिहिका म्हणाली, "डोन्ट पुट इट अप."

"का गं? जळतेस बाबांवर?" सुजीत म्हणाला.

"बाबा डिडन्ट अनटाय इट."

टिपणीस वळले. "तू पाहिलं होतंस?"

"आय सॉ इट. फ्रॉम द बस. सुजीत अंकल सॉ इट टू."

सुजीतने फोटो खाली ठेवला. "पाहिली असेल, मला वाटलं, ह्यांची आहे, हे सोडतील. नियम ह्यांचाच ना?"

"मग मला हाक का नाही मारलीस?" टिपणीसांनी मुलीला विचारलं.

"आंटी वॉज सिक. एव्हरीवन वॉज शाउटिंग. आय थॉट, यू न्यू." तिच्या हातातला फडका पिळला जात होता. "आय कुड हॅव डन इट, बाबा. इट वॉज जस्ट देअर. बट इट वॉजन्ट माइन." मग तिने विचारलं, "डिड दे फ्लाय?"

"उडाली गं, मस्त भुर्रकन उडाली," सुजीत घाईने म्हणाला आणि टिपणीसांना डोळ्यांनी खुणावलं.

टिपणीस खिळे मुठीत धरून उभे होते. नुसतं हो म्हणायचं होतं. पुन्हा एकदा, रोजच्यासारखं. मी ड्रिल हातात धरून खाली बघत राहिलो.

"नाही," ते म्हणाले. "मेली. त्याच दिवशी. मी तुला रोज खोटं सांगितलं."

मिहिकाने फडका काचेवर ठेवला.

"मला धैदला आठवलं होतं. समोर टॅक्सी होती. हे विलासकाका जातो म्हणत होते, दोनदा म्हणाले. मी जाऊ दिलं नाही."

"व्हाय?"

"पट्टी माझी, मीच सोडणार, म्हणून."

"दॅट्स सो स्टुपिड, बाबा."

"हो."

ती त्यांच्याजवळ आली. मग एकदम लहान आवाजात म्हणाली, "सो इट वॉजन्ट मी?"

टिपणीस फ्रेमच्या खोक्यावर बसले. पोरीने इतके दिवस रोज का विचारलं होतं, ते त्यांना तेव्हा कळलं. मलाही तेव्हाच. ते तिला त्रासापासून वाचवत होते आणि ती एकटी, शाळेत, घरात, अंथरुणात, ती फांदी मनातल्या मनात सोडवत होती.

"नाही गं बाळा," ते म्हणाले. "तू नाही. तू मी सांगितलं तसं केलंस."

थोड्या वेळाने त्यांनी सुजीतला सांगितलं, फोटो लावायचा नाही. सुजीत म्हणाला, "अरे यार, एवढं काय? पक्षीच तो. सगळ्यांना सांगून बसलोय मी."

"लावायचा तर खाली लिहा, पिल्लं कशी मेली ते."

"महाराष्ट्र दिनाला?"

"मग लावू नका. खलास."

त्या जागी अनुपमाने काढलेला खजुरीच्या बागेचा फोटो लागला. बरा होता.

सहली बंद झाल्या नाहीत. टिपणीस म्हणाले, बंद करून सुटका होत नाही. पण घरट्याजवळ परत कोणी स्टँड लावला नाही. फुलावर येईल तो पक्षी, मिळेल तो फोटो. मोहिद्दीनकडे ते मुद्दाम गेले आणि म्हणाले, "चाचा, गलती मेरी." त्याने ऐकून घेतलं आणि चहा दिला. यार्डात कुलपाचा नियम तोच राहिला, तिथे तो बरोबरच होता. फक्त आता ते कुलूप घातल्यावर बाजूच्या दोघांना सांगून जात, मी कुठे आहे, मी विसरलो तर मला ओढत आणा.

आणि एक नवीन प्रकार सुरू झाला. दर सहलीला, निघायच्या आधी, ते गाडीत उभे राहून ही हकीकत सांगत. सगळी. टॅक्सीसुद्धा, घरी बोललेलं खोटंसुद्धा. सुट्टीच्या दिवशी हौसेने आलेले लोक अवघडत. एकदा एक जण म्हणाला, आम्ही हमिंगबर्ड बघायला आलो, प्रवचनाला नाही. सुजीत मला म्हणे, "याला समजाव. किती वर्षं स्वतःला बडवणार?" मी एकदा म्हणालो, "साहेब, झालं आता." ते म्हणाले, "तुला झालं असेल." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मी दोन हजार तीनमध्ये नोकरी संपवून परत आलो. त्याआधीची शेवटची सहल आठवते. मिहिका सोळा वर्षांची झाली होती, बापाच्या खांद्याला लागली होती. टिपणीस उभे राहिले, सांगायला लागले आणि टॅक्सीपाशी येऊन अडले. दर वेळी तिथेच अडायचे. मागच्या सीटवरच्या दोन पोरी आपसात हसल्या. खैरुद्दीन स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. त्यांचं संपेपर्यंत तो गाडी सुरू करत नसे.

मिहिका उठून मागे वळली. त्या पोरींना म्हणाली, "लिसन टू हिम. प्लीज." मग बापाच्या शेजारी दांडा धरून उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, "बाबा, टॅक्सी समोर उभी होती. पुढे सांगा."