तिसाव्या वर्षी मिशी

मी तीस वर्षांचा होणार ही बातमी मला आमच्या गावच्या नाटक मंडळाच्या बैठकीत कळली. त्या काळी आमच्याकडे वाढदिवस कोणी करत नसे. आईला माझी जन्मतारीख विचारली की ती म्हणायची, "धान निसवून राहिले व्हते, तवाचा तू." म्हणजे भाताला लोंब्या फुटत होत्या तेव्हाचा. बस, तेवढंच. पण मंडळाचे अध्यक्ष होते आमचे गुरुजी, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात अर्ध्या गावाची नावं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली होती, त्यामुळे कोणाचं वय काय हे त्यांना तोंडपाठ.

ऐंशी सालाच्या पुढेमागेची गोष्ट. पोळा नुकताच झाला होता. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक झालंच पाहिजे, म्हणून आम्ही आठ-दहा जण शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. गुरुजी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत म्हणाले, "यंदा तीन वर्सामागचंच नाटक करू. लोक मागून राहिले. फक्त नायिका बदलू."

"काहून?" मी विचारलं. कारण नायिका म्हणजे मीच.

"काहून म्हंजे? या दिवाळीत तुले तीस पूर्ण होतात. अठरा वर्साची पोरगी किती दिवस होशीन गा?"

सगळे हसले. मीही हसलो, पण थोडं उशिरा.

"नागपूरवरून बाई आनू," गुरुजी म्हणाले. "आता सगळीच गावं आनून राहिली. तू नायिकेचा बाप कर. अन् आजपासून मिशी वाढव."

मी विसाव्या वर्षी पहिल्यांदा लुगडं नेसून स्टेजवर उभा राहिलो. आधी नायिकेचं काम करणारा भिलाईला नोकरीला लागला आणि माझा चेहरा त्यातल्या त्यात गोल म्हणून गुरुजींनी मला धरलं. पहिल्या वर्षी मी घाबरत केलं. दुसऱ्या वर्षी मला ते आवडू लागलं. तिसऱ्या वर्षापासून आजूबाजूची गावं मला बोलावू लागली. करडीला एकदा मी रडलो तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका माझ्याबरोबर रडल्या. दहा वर्षं मी ओठावर मिशी येऊ दिली नाही. आमच्या भागात मिशी नसलेला लग्न झालेला माणूस म्हणजे एक तर घरात सुतक नाही तर डोक्यात काही बिघाड, असा समज. मला मात्र कोणी काही म्हणत नसे.

तरी गुरुजींचं खोटं नव्हतं. गेली दोन वर्षं दाढी कितीही घोटली तरी पावडरीतून हिरवट झाक दिसायची. बायकोचं ब्लाउज मला होत नव्हतं. ती दरवर्षी बाजूची शिवण उसवून द्यायची आणि म्हणायची, "अवो, आता उसवाले कापडच नाही राहिलं." तिला मी बैठकीतली हकिगत सांगितली तेव्हा तिनं भाकर थापायची थांबवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजे आता माही लुगडी माह्याच पेटीत राहतीन?"

"हो."

"बरं झालं बाप्पा!"

आईला तर आनंदच झाला. "आता मानसासारखा दिसशीन," म्हणाली. घरात या गोष्टीचं दुःख झालेला मी एकटाच. तेही मला कोणाला सांगता येईना. एका बाप्या माणसानं बाई होता येत नाही म्हणून तोंड पाडून बसायचं, हे कोणाला कसं समजावणार?

मी पोस्टमन होतो. सकाळी सायकलीवर आंधळगावला जाऊन थैली आणायची आणि पाच गावांत वाटायची. माझी मिशी त्या पाच गावांनी रोज थोडी थोडी उगवताना पाहिली. पहिल्या आठवड्यात ओठावरचे खुंट पाहून लोक विचारत, "घरी काही झालं का गा?" दुसऱ्या आठवड्यात एक जण म्हणाला, "ओठावर मुंग्या चालून राहिल्या तुह्या." तिसऱ्या आठवड्यात पानठेल्यावर दोन तट पडले: खाली वळवावी की वर. न्हाव्यानं दोन्ही करून दाखवलं आणि शेवटी सरळच ठेवली.

पण त्या महिन्यात एक गोष्ट झाली ती मनाला लागली. माझ्या वाटेवरच्या एका गावात एक मावशी होत्या. त्यांचा मुलगा चांद्याकडे खाणीत कामाला. त्याचं पत्र आलं की मी त्यांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवायचो आणि त्या मग मला घरातलं सगळं सांगायच्या. सुनेचं, जावयाचं, पाठदुखीचं. अशी बरीच घरं होती. मी नाटकात बाई होतो म्हणून की काय, बायका माझ्यासमोर बोलताना अडखळत नसत. मी ऐकायचो आणि बघायचो. पत्र हातात आलं की बाई ते आधी उलटं करून बघते. वाईट बातमी ऐकताना पदराचं टोक बोटाला गुंडाळते. सासऱ्याचं पाऊल वाजलं की वाक्य अर्धं टाकून दुसऱ्याच विषयावर जाते. माझी सगळी नायिका मी या ओट्यांवरून उचललेली.

त्या दिवशी मी पत्र घेऊन गेलो तर मावशींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मी म्हणालो, "मावशी, मीच आहो."

"दिसून राहिलं ना," त्या म्हणाल्या. "पन आता तुह्यासमोर पदर घ्या लागते बाबू. मोठा मानूस झाला तू."

पत्र वाचून झालं. त्यांनी पाणी दिलं. सुनेचं काही सांगितलं नाही. परत येताना मी बांधावर सायकल टेकवून जरा वेळ बसलो. सगळीकडे धान निसवलं होतं. आईच्या हिशोबानं मला त्या आठवड्यात तीस पूर्ण झाली होती.

मंडईच्या दिवशी सकाळच्या बसनं नागपूरची बाई आली. तिला आणायला मलाच पाठवलं, कारण घंटीवाली चांगली सायकल माझ्याकडेच होती. मी मनात ठरवून गेलो होतो की फार बोलायचं नाही. बसमधून एक सडपातळ बाई उतरली, हातात पत्र्याची पेटी. पेटी हँडलला बांधली, तिला मागे बसवलं आणि निघालो. रस्ता मुरमाचा. दोन-तीन धक्क्यांनंतर तीच बोलली.

"भाऊ, तुमी कोन्ता रोल करून राहिले?"

"तुमचा बाप."

ती इतकी हसली की सायकल डगमगली. "वय काय तुमचं?"

"तीस," मी म्हणालो. मोठ्यानं हा आकडा पहिल्यांदाच उच्चारला असेन.

"मी तेहतीसची आहो. पोरगा माहा सातवीत हाय. म्हंजे बापापेक्षा पोरगी तीन वर्सानं मोठी!"

मी ब्रेक दाबला आणि मागे वळून पाहिलं. मला वाटलं होतं, माझ्या जागी कोणी विशीतली पोरगी येईल. मी विचारलं, "मंग तुमाले कोनी म्हनत नाही का, आता आईचं काम करा म्हनून?"

"म्हनतात ना. म्हनू द्या. पंचविशीत मी नुसती उभी राहत होती भाऊ. लोक चेहरा पाहत, अन् मले वाटे काम चांगलं होऊन राहिलं. आता चेहऱ्यावर भरोसा नाही, तर काम करा लागते." मग म्हणाली, "चला ना, ऊन लागून राहिलं."

माझा राग त्या मुरमाच्या रस्त्यावरच कुठे तरी सांडला.

दुपारी शाळेत एकच तालीम. तिला भाषणं पाठ होती, पण डोक्यावर घागर घेऊन ती नागपूरच्या नळाखालची बादली उचलल्यासारखी चालत होती. मी तिला चालून दाखवलं. मिशीवाला माणूस डोक्यावर घागर घेऊन मुरडत चालतो आहे हे पाहून पेटीवाल्यानं पेटी वाजवायची थांबवली. ती मात्र हसली नाही. नीट पाहत राहिली आणि दुसऱ्या खेपेला तंतोतंत तशीच चालली. बापासमोर दारात कसं थबकायचं, पदर बोटाला कसा गुंडाळायचा, सगळं विचारून घेतलं. माझी दहा वर्षांची जमवाजमव तिनं तासाभरात घेतली आणि देताना मला काही वाटलं नाही, उलट हलकं वाटलं.

मग ती म्हणाली, "आता तुमचं पाहू. भाऊ, तुमचा हात सारखा खांद्यावर जाऊन राहिला. पदर नाही तिथं."

खरंच होतं ते. रागाच्या भाषणातसुद्धा माझा हात पदर सावरायला जात होता. तिनं कोपऱ्यातली काठी आणून माझ्या हातात दिली. "ही सोडाची नाही. हात गुंतला की बरोबर राहते."

नाटकाला मैदान भरलं. पहिले दोन अंक काठीनं तारले. तिसऱ्या अंकात मोठा प्रवेश होता. नायिकेची आई लहानपणीच वारलेली. बाप तिचं लग्न एका ठिकाणी ठरवतो आणि तिच्या मनात दुसराच. बाप विचारतो, "बोल पोरी, तुझ्या मनात कोण आहे?" आणि त्यावर नायिकेचं ते लांब भाषण, ज्याची लोक वाट पाहत बसतात.

मी विचारलं, "बोल पोरी, तुझ्या मनात कोण आहे?"

त्याच वेळी माईक कर्कश किंचाळला. ती दचकली आणि तिचं पहिलं वाक्य हरवलं. प्रॉम्प्टर कुजबुजत होता, पण त्या आवाजात काही ऐकू येईना. मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते कोरे होते. आणि मग काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. काठी हातातून सुटली, माझा हात खांद्यावर गेला आणि माझ्या तोंडून त्या जुन्या, बारीक, बायकी आवाजात तिचं वाक्य निघालं, "बाबा, मी त्यांना शब्द दिला आहे हो!"

मग जो हशा उठला तो तळ्याच्या पाळीपर्यंत गेला असेल. मागून कोणी तरी ओरडलं, "बाई परत आली गा!" मला वाटलं, स्टेजची फळी फाटावी. बाजूला गुरुजींनी कपाळावर हात मारलेला मला दिसला.

ती शांतपणे पुढे आली. खाली पडलेली काठी उचलून तिनं माझ्या हातात दिली, हशा ओसरू दिला आणि म्हणाली, "बाबा, आई गेली तेव्हापासून तुम्हीच माझी आई झालात. आज माझ्या मनातलं बोलताना आवाजसुद्धा तिचाच आला तुमच्या तोंडी."

हे वाक्य नाटकात कुठेच नव्हतं.

तिनं माझ्या छातीवर डोकं टेकलं आणि मूळ भाषण सुरू केलं. मला पुढे फक्त ऐकायचं होतं. घरी माझी स्वतःची मुलगी चार वर्षांची होती. तिच्या लग्नाचा विचार मी तोवर कधी केला नव्हता, तो तिथे स्टेजवर पहिल्यांदा आला आणि माझे डोळे वाहू लागले. बाई होऊन मी दहा वर्षं रडलो, ते सगळं ठरवून. हे न ठरवलेलं होतं. पुढच्या रांगेत या वेळी म्हातारे उपरण्यानं नाक पुसत होते.

सकाळी तिला बसवर सोडताना मी विचारलं, "ते वाक्य कसं सुचलं?"

"तुमी तसेच दिसले ना," ती म्हणाली. बस आली आणि ती चढली. खिडकीतून ओरडून म्हणाली, "पुढच्या वर्सी नवऱ्याचं काम करा! बाप कायले होता एवढ्यात?"

त्या वर्षी इतर गावांचं बोलावणं मला आलं नाही. बाप प्रत्येक गावात होते. आधीच्या हिवाळ्यांत मी महिनाभर घरी नसायचो. आता मंडया सुरू होत्या आणि मी मोकळा होतो. बायको म्हणाली, "मंग चला ना माह्या माहेरी. सानगडीची मंडई आमच्या पोरीनं पाहिलीच नाही."

आम्ही एसटीनं गेलो. मुलीला खांद्यावर बसवून पाळण्याजवळून, बांगड्यांच्या दुकानांतून हिंडलो, उकडलेले शिंगाडे घेतले. भरदुपारी मोकळ्या जागेत दंडार, आमच्याकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य, सुरू झाली, तशी आम्ही पोत्यावर बसकण मारली. सोंगाड्या चांगला होता. पाटलाची नक्कल करत होता. मी त्याचे पाय कसे पडतात ते बघत होतो, एवढ्यात शेजारून एक आवाज आला आणि मी वळलो.

बायको हसत होती. तोंडावर हात न घेता, डोळे मिटून, मांडीवर थापा मारत. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत मी स्टेजवर असायचो आणि ती खाली अंधारात कुठे तरी. नाटक बघताना ती अशी दिसते, हे मला ठाऊकच नव्हतं. हसता हसता तिला शिंगाड्याचा ठसका लागला. मी तिच्या पाठीवर चापट मारू लागलो.

"माह्याकडे काय पाहता?" ती डोळे पुसत म्हणाली. "तिकडे पाहा ना, तो पडून राहिला!"