एक पिशवी कमी

लढाऊ विमानांचा विषय निघाला की छत्रीबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "त्यातून बाहेर कसं पडायचं?" समोरचा माणूस वेग सांगे, उंची सांगे, रडारला न दिसण्याची करामत सांगे. बाई शांतपणे ऐकून घेत आणि पुन्हा तेच विचारत. बहुतेकांना उत्तर माहीत नसे. मग बाई म्हणत, "म्हणजे तुम्हाला अर्धंच विमान माहीत आहे."

नौदलाच्या हवाई तळावर, पॅराशूट विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, म्हणूनच त्या छत्रीबाई. विभाग म्हणजे एक लांबलचक खोली. तिच्यात वीस वीस पावलांची गुळगुळीत टेबलं, आणि शेजारी एक उंच मनोरा, जहाजावरून दमट होऊन आलेली पॅराशूटं टांगून वाळवण्यासाठी. वाळलेलं पॅराशूट टेबलावर पसरायचं, दोऱ्या एकेक सोडवून सरळ करायच्या, घड्या घालायच्या, वैमानिकाच्या खुर्चीमागच्या खोक्यात मावेल एवढं करून बसवायचं आणि आतल्या कार्डावर सही करायची. एखादा नवखा "कोंबायचं" म्हणाला तर बाई त्याला म्हणत, "कोंबतात ती गादी."

तीन वैमानिक त्यांच्या सहीने जिवंत जमिनीवर आले. तिसरा भेटायला आला तेव्हा दारात नुसता उभा राहिला. शेवटी त्याने टेबलाला हात लावला आणि गेला. या गोष्टीचा बाईंना जेवढा अभिमान होता तेवढा त्यांनी कधी दाखवला नाही, पण घरात भिंतीवर एकच फोटो लावला होता, आणि तो याच टेबलाभोवतीचा : नऊ बायका, बाह्या दुमडलेल्या, आणि बाईंच्या खांद्यावर कोपर टेकून उभी असलेली टाचणी.

टाचणी ही त्यांची टेबलावरची जोडीदार. अंगाने बारीक, जिभेने टोकदार, म्हणून टाचणी. घड्या हलू नयेत म्हणून त्यांच्यावर शिशाच्या छऱ्यांच्या लहान पिशव्या ठेवत. प्रत्येकीच्या बारा पिशव्या, तिच्याच क्रमांकाच्या. काम संपलं की जोडीदारणीने मोठ्याने मोजायच्या. एखादी घडीत राहिली तर पॅराशूट नीट उघडणार नाही, आणि ते कळेल तेव्हा वैमानिक हवेत असेल. म्हणून त्या खोलीत "असेल इथेच कुठेतरी" असं म्हणायला बंदी होती. शिवी चालायची, ते वाक्य नाही.

आणि तिथला दुसरा नियम असा, की कमी पडलं तर जिची वस्तू तिनेच उभं राहून सांगायचं. सांगितलं की शिक्षा नाही, आणि तिचं नाव पुन्हा कधीही, कुणाहीपुढे काढायचं नाही. वहीतसुद्धा नाव लिहीत नसत.

विमानवाहू जहाज निघायला पाच तास असताना टाचणी उभी राहिली होती. "माझी एक पिशवी कमी आहे." दिवसभरात बांधलेली अकरा पॅराशूटं उघडावी लागली. सातव्यात पिशवी सापडली. उरलेली चारही उघडलीच, कारण तसा नियम. विमानं उशिरा गेली, जहाज खोळंबलं, वरचे साहेब लालबुंद झाले. "कोण होती ती?" त्यांनी विचारलं. नऊच्या नऊ बायका भिंतीकडे बघत राहिल्या. वहीत एवढंच गेलं : एक पिशवी कमी. सापडली.

पुढे दोघी निवृत्त झाल्या. तेवीस वर्षं झाली त्या पिशवीच्या गोष्टीला, आणि दोघींनी ती आपापसातही काढली नव्हती. दर गुरुवारी सकाळी टाचणी बाईंकडे येई, दोघी चहा पीत आणि वर्तमानपत्रातल्या संरक्षणविषयक बातम्यांची साल काढत.

बाईंचा भाचा, भावाचा मुलगा, पस्तिशीचा. विमानं, युद्धनौका, क्षेपणास्त्रं यांवर बोलणारी त्याची इंटरनेटवर वाहिनी होती. तो आयुष्यात एकदाही जहाजाच्या शिडीवर चढला नव्हता, पण कोणाचं नौदल कोणाला किती दिवसांत लोळवेल हे तो छातीठोकपणे सांगे. बाईंनी त्याला पुढची खोली दिली होती. दिवे, माईक, तिवई, सगळा पसारा तिथे. दोघांची जुंपायची.

"आत्या, त्यांच्याकडे दीडशे विमानं आहेत."

"कागदावर. सकाळी उडायला तयार किती?"

"ते कोण मोजतं गं?"

"जो लढणार असतो तो. दीडशेतली नव्वद तयार असतील तर ताकद नव्वद. उरलेली साठ संचलनाला बरी दिसतात."

"आणि विमानवाहू जहाज?"

"ते तर तरंगतं मीठ रे. खारी हवा शत्रूच्या आधी खायला बसते. जिथे पॅराशूट वेळेवर वाळत नाही, ते नौदल मला सांगू नकोस."

एके दिवशी तो म्हणाला, "हेच कॅमेऱ्यासमोर बोल ना. लोकांना खरं कळू दे." बाईंना बरं वाटलं. कुणी कधी विचारलंच नव्हतं. दोन तास त्या बोलल्या. आणि बोलण्याच्या भरात, खरी संरक्षणसिद्धता कशात असते हे समजावताना, ती अकरा पॅराशूटं आली. माणूस न भिता "माझी कमी आहे" म्हणू शकतो, ती सिद्धता. बाकी सगळं लोखंड. हे सांगताना टाचणीचं नाव तोंडातून गेलं.

बाई तिथेच थांबल्या. "ते नाव काढ. नाव काय, तो प्रसंगच काढ. आमच्यात ते बोलत नाहीत."

"काढतो गं आत्या. शब्द देतो."

त्याने भिंतीवरचा फोटो नक्कल करून घ्यायला मागितला. बाईंनी स्वतः खुर्चीवर चढून काढून दिला.

गुरुवारी टाचणी आली नाही. बाईंनी फोन केला, उचलला नाही. खालच्या मजल्यावरची शिक्षिका जिन्यात भेटली आणि म्हणाली, "तुमचा व्हिडिओ पाहिला हो. बाप रे, काय एकेक चालतं आत." तिच्या फोनवर बाईंनी तो पाहिला. चार मिनिटांचा. वर मथळा : वैमानिकांच्या जिवाशी खेळ, आतल्या बाईची कबुली. दीडशे आणि नव्वद नव्हते. मीठ नव्हतं. नियमही नव्हता. टाचणीचं नाव होतं, घडीत राहिलेली पिशवी होती, आणि फोटोत बाईंच्या खांद्याशी टेकलेल्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ होतं. दोन लाख लोकांनी ते पाहिलं होतं.

भाचा बाहेरगावी होता. फोनवर म्हणाला, "आत्या, टोपणनाव तर आहे. आणि तुझं बाकीचं कोण बघतं गं? मीठ, वाळवण, मोजणी. लोक झोपतात."

"शब्द दिला होतास."

"अगं, एवढं काय त्यात. चार दिवसांत विसरतील."

"काढून टाक."

"आता काढून उपयोग नाही. शेकडोंनी उतरवून घेतलाय."

बाईंनी फोन ठेवला, चपला घातल्या आणि टाचणीचं घर गाठलं.

दार टाचणीनेच उघडलं. आत घे म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मागे जावई टीव्ही बघत होता. त्याने आवाज कमी केला, नीट ऐकू यावं म्हणून. बाईंनी वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं गिळली आणि टेबलापाशी उभं राहावं तशा सरळ उभ्या राहिल्या.

"माझी एक पिशवी कमी आहे," त्या म्हणाल्या.

टाचणीने मोजणाऱ्या जोडीदारणीने विचारायचा प्रश्न विचारला. "शेवटची कुठे ठेवली होतीस?"

"भाच्याच्या हातात."

"नातीने विचारलं काल. आजी, तू माणूस मारणार होतीस का." टाचणीचा आवाज चढला नाही. "तेव्हा अकरा होती गं. सगळी उघडून पाहिली. आता दोन लाख कुठे कुठे उघडशील?"

"नियम आहे आपला. जी सांगते तिला..."

"नियम त्या खोलीत होता. खोलीबाहेर तू नेलास." आणि तिने दार लावलं. आपटलं नाही. कडी लावल्याचा आवाज मात्र बाईंना ऐकू आला.

भाचा दोन दिवसांनी परतला तेव्हा त्याचं सगळं सामान जिन्याच्या चौकात ओळीने मांडलेलं होतं. बाई शेजारी स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर कागद घेऊन.

"आत्या, हे काय? लोक दुसरा भाग मागतायत."

"मोजून घे," बाई म्हणाल्या. "मोठ्याने."

तो हसला, पण बाई हसल्या नाहीत हे बघून मोजायला लागला. दोन दिवे, एक तिवई, दोन माईक, वायरींची पिशवी, पडदा, खुर्ची. "बरोबर आहे सगळं."

"सही कर."

त्याने केली. बाईंनी कागदाची घडी घालून ठेवून दिली. मग हात पुढे केला.

"आता माझा फोटो."

भाच्याने खिसे चाचपले, पडद्याच्या गुंडाळीत हात घातला, वायरींची पिशवी उलटीपालटी केली. भिंतीवर, आतल्या खोलीत, फोटोच्या आकाराचा स्वच्छ चौकोन दारातूनच दिसत होता.

"असेल गं इथेच कुठेतरी," तो म्हणाला.